झूलनची वीस वर्षं आणि चौदाव्या वर्षीची षटकं

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मुलगी १४ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून वेगवान गोलंदाजी करते आणि भारताची वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामी तिचा आदर्श आहे. तेव्हा झूलनसारखं वीस वर्षं टिकायचं तर काय करावं लागतं, हा पहिला. यात पोटापाण्याचं काय, हा दुसरा, आणि तो तिच्या बाबांचा आहे हे तुम्हीच लिहिलंय. तिसरा तुम्ही जाता जाता टाकलाय: तीन आठवड्यांपासून कंबर दुखतेय आणि राज्य क्रिकेट असोसिएशनच्या अंडर-१५ ट्रायल्स तोंडावर आल्यात.

मी बरीच वर्षं मुलींना वेगवान गोलंदाजी शिकवते आहे. त्यामुळे क्रम उलटा करते. आजपासून तिची गोलंदाजी बंद. नेटमध्ये नाही, गल्लीत नाही, "फक्त चार बॉल हळू टाकते" असंही नाही. कारण पुढे सविस्तर लिहिलंय, पण तिथवर पोचेपर्यंत तिने आणखी एक सेशन टाकू नये म्हणून आधीच सांगितलं.

आता झूलन. ती पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातल्या चाकदहाची. डिसेंबर १९९७ मध्ये ईडन गार्डन्सवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. त्या सामन्यात सीमारेषेबाहेर चेंडू आणून देणाऱ्या मुलींमध्ये ती होती, नुकतीच पंधरा पूर्ण झालेली. त्यानंतर पहाटेची लोकल पकडून कोलकात्याच्या विवेकानंद पार्कात सरावाला जाणं सुरू झालं. गाडी चुकली की तो दिवस गेला. जानेवारी २००२ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना, त्याच महिन्यात लखनौला पहिली कसोटी. शेवटचा सामना २४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, पुन्हा इंग्लंडविरुद्धच. मधल्या काळात २०४ एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी, ६८ टी-२० सामन्यांत ५६ आणि १२ कसोट्यांत ४४. एकूण ३५५ आंतरराष्ट्रीय बळी.

हे आकडे सगळीकडे छापलेले असतात आणि लोक त्यातला २५५ वाचून थांबतात. मी माझ्या मुलींना १२ वाचायला सांगते. वीस वर्षांत बारा कसोट्या. त्यातल्या आठ पहिल्या पाच वर्षांतच झाल्या. ऑगस्ट २००६ मध्ये टाँटनला इंग्लंडविरुद्ध तिने दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले, ३३ धावांत ५ आणि ४५ धावांत ५. इंग्लंडचा पहिला डाव ९९ वर आटोपला, फॉलोऑन मिळाला (म्हणजे त्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागलं) आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. अशा कामगिरीनंतर पुरुषांच्या संघातल्या गोलंदाजाला पुढच्या वर्षभरात सात-आठ कसोट्या मिळाल्या असत्या. झूलनला पुढची कसोटी मिळाली ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडमधल्या वर्म्सलीला. ऐन भराची आठ वर्षं तिच्या हाती लाल चेंडूचा आंतरराष्ट्रीय सामनाच नव्हता.

याचा राग येतो, यायलाच हवा. पण प्रशिक्षक म्हणून त्या रागाखाली मला आणखी एक गोष्ट दिसते. सगळे मिळून २८४ आंतरराष्ट्रीय सामने, म्हणजे वर्षाला सरासरी चौदा. त्या काळात महिला क्रिकेटचा हंगाम तोकडा होता. मी राज्याकडून खेळले तेव्हा दोन स्पर्धा संपल्या की पुढचे कितीतरी महिने हातात काहीच नसायचं. तो अन्याय होता, पण त्या रिकाम्या महिन्यांत पाठ, घोटे, गुडघे आपोआप भरून यायचे. झूलनच्या टिकण्यात तिची शिस्त, उंची, सरळ ॲक्शन हे सगळं आहेच. त्याबरोबर ही सक्तीची विश्रांतीही आहे, असं माझं मत आहे, आणि ते मी कुठल्या अभ्यासाच्या आधारावर नाही, मैदानावरच्या अनुभवावरून मांडते.

तुमच्या मुलीची परिस्थिती नेमकी उलटी आहे. तिला शाळेचे सामने आहेत, क्लबचे आहेत, अकादमीची रोजची नेट्स आहेत, रविवारी मुलांच्या संघातून लेदर बॉलच्या मॅचेस आहेत, वर कुणीतरी भरवलेली टी-२० लीग आहे. प्रत्येक ठिकाणचे सर वेगळे. प्रत्येकाला वाटतं, ही आपल्याकडे आठवड्यातून दोनदाच तर टाकते. बेरीज कोणीच करत नाही. झूलनला विश्रांती व्यवस्थेने लादली, तुमच्या मुलीला ती मागून घ्यावी लागणार आहे. तिच्या वयात ती मागणार नाही, म्हणून ते काम तुमचं.

बेरीज करायची पद्धत सोपी आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेत एक आकडा लिहा: आज पूर्ण जोराने किती चेंडू टाकले. सामन्यातले, नेटमधले, वाइड-नोबॉलसकट सगळे. इंग्लंडच्या बोर्डाने कनिष्ठ वेगवान गोलंदाजांसाठी जी मर्यादा वर्षानुवर्षं वापरली, ती १४-१५ वर्षांच्या वयाला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ६ षटकं आणि दिवसाला १२ षटकं अशी आहे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त गोलंदाजी नको आणि सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस नको, हीही शिफारस त्यात आहे. आपल्याकडे मी यापेक्षाही थोडं कमीच ठेवते, कारण आपल्या मुली बऱ्याचदा सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या विकेटवर टाकतात आणि ते सगळे धक्के पाठीत जातात. नेटमध्ये ३६ चेंडू म्हणजे ६ षटकं झाली. तासभर नेट चालू आहे म्हणून तासभर टाकत राहायचं नसतं. उरलेल्या वेळात ती फलंदाजी करेल, झेल घेईल, किंवा सावलीत बसून दुसरीची बोलिंग बघेल. बघण्यानेही शिकता येतं.

आकडा एकदम वाढला तर तोही धोका. परीक्षेमुळे महिनाभर घरी बसलेली मुलगी सुट्टी लागताच रोज दोन सेशन टाकायला लागते आणि जूनमध्ये माझ्याकडे कंबर धरून येते. दरवर्षी हे घडतं. परीक्षेनंतर पहिल्या आठवड्यात निम्मंच टाकायचं, मग हळूहळू वाढवायचं.

आता ॲक्शनकडे येते. झूलनचा हात उंचावरून यायचा, सीम, म्हणजे चेंडूची शिवण, सरळ असायची, आणि उजव्या हाताच्या फलंदाजाला आत येणारा चेंडू हे तिचं हक्काचं शस्त्र होतं. जवळजवळ पाच फूट अकरा इंच उंची आणि ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग. उंची तुमच्या हातात नाही. पण वळण्याची दिशा तपासता येते, आणि ती घरी मोबाइलवरही तपासता येते. तिच्या पाठीमागून, पंचाच्या जागेवरून, स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. मागचा पाय क्रीजमध्ये पडतो त्या क्षणी चित्र थांबवा. पाऊल क्रीजच्या रेषेला समांतर असेल तर कंबर आणि खांदे दोन्ही आडवे, फलंदाजाकडे कुशीने हवेत. पाऊल फलंदाजाकडे टोक करून असेल तर कंबर आणि खांदे दोन्ही समोर उघडे हवेत. दोन्ही प्रकार चालतात. घोळ होतो तो तिसऱ्यात: पाऊल आणि कंबर समोर, पण खांदे मागे पिळून आडवे नेलेले. याला आम्ही मिक्स्ड ॲक्शन म्हणतो. यात चेंडू सुटेपर्यंत कमरेचा खालचा भाग पिळवटला जातो, तोही अशा क्षणी की पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते सात पट जोर येतो. टीव्हीवर पाहून "साइड-ऑन" व्हायचा प्रयत्न करणाऱ्या मुलींमध्ये हे फार दिसतं. पाय बदलत नाहीत, फक्त खांदा फिरवतात.

ॲक्शनची दुरुस्ती सामन्यांच्या हंगामात करायची नाही. बंद हंगामात, छोट्या रनअपवरून, कमी वेगाने, आठवडेच्या आठवडे करायची. एका कॅम्पमध्ये ॲक्शन बदलून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

चेंडूचं वजन हीसुद्धा दुर्लक्षित बाब आहे. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५६ ते १६३. फरक थोडा वाटतो, पण १४ वर्षांच्या मुलीने मुलांच्या नेटमध्ये रोज जड चेंडू टाकला की खांदा आणि कोपर बोलू लागतात. शिवाय मोठा चेंडू बोटांत नीट बसत नाही, मग मनगट वाकडं पडतं आणि सीम सरळ राहत नाही. मग निवड सामन्यात हलका चेंडू हाती आला की तो लेगला वाहत जातो आणि सगळे म्हणतात, दडपण आलं. तिच्या किटमध्ये तिचा स्वतःचा महिलांचा चेंडू असू द्या. मुलांच्या नेटमध्येही तिने तोच टाकावा. सर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

झूलनकडून खेळाच्या बाजूने काय उचलावं, हे २०१७च्या विश्वचषकातल्या दोन सामन्यांत स्वच्छ दिसतं. ती तेव्हा ३४ वर्षांची होती. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन फिट्झपॅट्रिकचा १८० एकदिवसीय बळींचा विक्रम तिने मागे टाकला होता. डर्बीला ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य फेरी लोकांना हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावांसाठी आठवते. मला आठवतो झूलनने ऑस्ट्रेलियाची कर्णधार मेग लॅनिंगला टाकलेला चेंडू. चांगल्या लांबीवर टप्पा, सीमवर पडून जेमतेम सरकला आणि बॅट चुकवून ऑफ स्टंपच्या माथ्यावर. लॅनिंग शून्यावर त्रिफळाचीत. त्यात वेगाचा चमत्कार नव्हता, यॉर्कर नव्हता, बाउन्सर नव्हता. कसोटीत जो चेंडू टाकायचा तोच तिने टी-२०च्या जमान्यात टाकला.

मग लॉर्ड्सचा अंतिम सामना. इंग्लंड ३ बाद १४६, सारा टेलर आणि नताली सिव्हर जमलेल्या. धावसंख्या २६०च्या पुढे जाणार अशी लक्षणं. झूलन दुसऱ्या स्पेलला परत आली. टेलर ४५ वर यष्टिरक्षक सुषमा वर्माच्या हाती, पुढच्याच चेंडूवर फ्रॅन विल्सन पायचीत, आणि थोड्या वेळाने ५१ वरची सिव्हरही पायचीत. ३ बाद १४६चे ६ बाद १६४. १० षटकं, ३ निर्धाव, २३ धावा, ३ बळी. इंग्लंड २२८ वर थांबलं. आपण ९ धावांनी हरलो तो वेगळा सल. हा स्पेल सापडला तर मुलीबरोबर बसून बघा आणि फक्त टप्पा कुठे पडतोय ते बघायला सांगा, विकेट नाही. दोन जणी पायचीत आहेत: चेंडू यष्टींत आहे, फलंदाज चुकली की मी नाही चुकणार, एवढाच हिशेब. चौदाव्या वर्षी पाच प्रकारचे स्लोअर बॉल शिकणाऱ्या मुली मी रोज बघते. एक हक्काचा चेंडू नाही आणि नकल बॉल येतो! अंडर-१५ला तो विकेट देतोही. अंडर-१९ला चांगली फलंदाज त्याची वाट बघत उभी असते.

टिकण्यासंबंधीची झूलनची सगळ्यात शहाणी गोष्ट मात्र मैदानाबाहेरची आहे. २०१८च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेत ती एकदिवसीय क्रिकेटमध्ये २०० बळी घेणारी जगातली पहिली महिला ठरली, आणि त्याच दौऱ्यात टाचेच्या दुखापतीमुळे टी-२० मालिकेतून बाहेर पडली. ऑगस्टमध्ये तिने टी-२० आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. ज्या प्रकारात पुढे पैसा आणि गर्दी येणार हे दिसत होतं, तोच सोडला, आणि त्याच्या बदल्यात एकदिवसीय क्रिकेटची आणखी चार वर्षं मिळवली. २०२२च्या विश्वचषकात, तिच्या पाचव्या विश्वचषकात, ती स्पर्धेच्या इतिहासातली सर्वाधिक बळी घेणारी गोलंदाज झाली: एकूण ४३ बळी. काय खेळायचं नाही हे ठरवणं हा गोलंदाजीचाच भाग आहे. तुमच्या मुलीसाठी ते आजच्या पातळीवर म्हणजे रविवारची लीग सोडणं. मैत्रिणी जातील, ट्रॉफ्या मिळतील, ती रुसेल. सोडायला लावा.

वेगाबद्दल एक. २०२४च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माईलने डब्ल्यूपीएलमध्ये (महिला प्रीमियर लीगमध्ये) ताशी १३२.१ किलोमीटरचा चेंडू टाकला, तेव्हापासून प्रत्येक नेटमध्ये कोणाचे तरी बाबा स्पीड गन घेऊन उभे असतात. १४ वर्षांच्या मुलीचा वेग मोजू नका. मोजलं की ती मोजपट्टीसाठी टाकते, आणि मग खांदा खेचते.

आता जे कोणी बोलत नाही ते. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी, बहुतेकींचा ११ ते १३ मध्ये येतो. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि जी मुलगी गेल्या वर्षी अचूक टाकत होती तिचा रनअपच हरवतो. हा फॉर्म नसतो, वय असतं. या काळात षटकं कमी करायची आणि मांडी, पोट, पाठ यांची ताकद वाढवायची. पाळी सुरू झाल्यावर रक्तातलं लोह खाली जाऊ शकतं. दुसऱ्या स्पेलला पाय जड होणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो, आणि तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघतं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. १५ पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा आलेली तीन महिने बंद पडली असेल, तर "खेळणाऱ्या मुलींचं असं होतं" म्हणून सोडू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ खर्च होते तेवढं ती खात नाही असा असतो, आणि अशा शरीराची हाडं कमकुवत होतात. सकाळी सहाला उपाशी सरावाला येणारी मुलगी मी परत पाठवते. आधी काहीतरी खाऊन ये.

आणि म्हणून कंबर. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाला कमरेत एका बाजूला, खास करून चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, दुखत असेल, टाकताना वाढत असेल आणि विश्रांतीने कमी होऊन टाकलं की परत येत असेल, तर मणक्याच्या मागच्या बारीक हाडावर ताण आल्याची शंका घ्यावीच लागते. बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत, चौथ्या आणि पाचव्यात. सुरुवातीला फक्त ताण असतो, टाकत राहिलं की चीर पडते. एका पायावर उभं राहून मागे वाकताना दुखलं तर शंका आणखी पक्की, पण हे घरी वारंवार करून बघू नका. खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा ताण पुष्कळदा दिसतच नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, टाकू दे" यावर थांबू नका. एमआरआय लागेल का ते स्पष्ट विचारा. जाताना कॅलेंडरवरचे आकडे न्या. ते नसतील तर गेल्या दोन महिन्यांचा अंदाज कागदावर मांडून न्या, आणि गोलंदाजीचा व्हिडिओ न्या.

ताण वेळेत पकडला तर काही महिने गोलंदाजी बंद, मग व्यायाम, मग टप्प्याटप्प्याने परत. वेळेत नाही पकडला तर हंगाम जातो, कधी दोन जातात. वेदनाशामक गोळी किंवा पट्टा बांधून ट्रायल टाकायला लावणारे लोक तुम्हाला भेटतील, त्यात प्रशिक्षकही असतील. पाठ त्यांची नाही. पूर्ण वाढ झालेल्या, जगातल्या सर्वोत्तम सपोर्ट स्टाफच्या देखरेखीखालच्या ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीलाही २०२२ मध्ये पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे गोलंदाजी थांबवावी लागली होती. तिला निदान फलंदाजी होती. तुमच्या मुलीनेही या काळात डॉक्टर हो म्हणतील तेव्हा फलंदाजीवर जोर द्यावा. फक्त गोलंदाजी येणाऱ्या मुलीला संघात घेताना निवड समिती दहादा विचार करते.

ट्रायल हुकेल, हे तुम्हाला खटकतंय हे कळतं. पण अंडर-१५ नंतर अंडर-१९ आहे, अंडर-२३ आहे, वरिष्ठ संघ आहे. अंडर-१५ला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, त्यामुळे जन्मतारखेने बसणारी मुलगीही कधीकधी बाहेर पडते; तिथली निवड म्हणजे सगळं काही नव्हे. मध्य प्रदेशातल्या घुवारा गावची वेगवान गोलंदाज क्रांती गौड २१ वर्षांची असताना जुलै २०२५ मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला इंग्लंडच्या ६ विकेट काढून गेली आणि त्याच वर्षी विश्वविजेत्या संघात होती. झूलनने स्वतः पंधराव्या वर्षापर्यंत मोठ्या शहरातल्या नेटचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं.

राहिला बाबांचा प्रश्न. झूलनने सुरुवात केली तेव्हा महिला क्रिकेट बीसीसीआयकडे नव्हतंच, ते २००६ मध्ये आलं. २००५च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या संघाला सामन्यामागे हजार रुपये मिळाले, हे त्या संघाची कर्णधार मिताली राजने नंतर मुलाखतीत सांगितलंय. वार्षिक करार सुरू व्हायला २०१५ उजाडलं. घर चालायचं ते नोकरीवर. झूलन एअर इंडियात, मिताली आणि इतर कितीतरी जणी रेल्वेत. झूलन निवृत्त झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. पुढच्याच महिन्यात महिलांना पुरुषांइतकं सामना मानधन जाहीर झालं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२०ला ३ लाख. त्यानंतरच्या मार्चमध्ये डब्ल्यूपीएल सुरू झालं आणि लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. झूलन त्या लीगमध्ये आहे, पण मुंबई इंडियन्सची गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून.

बाबांना हे आकडे सांगा, पण जागाही मोजून दाखवा. डब्ल्यूपीएलचे संघ ५. एका संघात जास्तीत जास्त १८ जणी, त्यात परदेशी सहापर्यंत. म्हणजे अख्ख्या देशातून साधारण ६० भारतीय मुली, आणि त्यातल्या खऱ्या वेगवान गोलंदाज थोड्याच. मूळ किंमत १० लाखांपासून आहे. त्याखालचा मोठा थर राज्य संघाच्या मानधनावर आणि नोकरीवर जगतो, आणि नोकरी लागते ती वरिष्ठ राज्य संघात नाव आल्यावर. आपल्याकडे एक फायदा आहे: महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन असोसिएशन आहेत, म्हणजे तीन राज्य संघ. तरी प्रत्येकीत वेगवान गोलंदाजाच्या जागा तीन-चार. शाळा सोडून अकादमीत पूर्णवेळ टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दहावी-बारावी नीट होऊ द्या. खेळाडूंच्या भरतीतही शिक्षणाची अट असतेच.

खेळातच राहायचं तर खेळाडू होणं ही एकच वाट नाही. मुंबईची वृंदा राठी आधी मध्यमगती गोलंदाज होती, मग स्कोअरर झाली, मग पंच, आणि २०२३ मध्ये रणजी सामन्यात पंच म्हणून उभी राहिली. जी. एस. लक्ष्मी आयसीसीच्या पहिल्या महिला सामनाधिकारी (मॅच रेफरी) झाल्या. फिजिओ, ट्रेनर, व्हिडिओ ॲनालिस्ट यांची गरज महिलांच्या प्रत्येक राज्य संघाला आहे आणि खेळलेल्या मुलींना तिथे प्राधान्य मिळायला लागलंय.

एमआरआय झाला की रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते कळवा. गोलंदाजी परत सुरू करायचा तक्ता त्यावरून ठरेल. साधारण उभ्या-उभ्या, अर्ध्या जोराने, दिवसाआड २ षटकांपासून सुरुवात होते. त्याआधी तिच्या सगळ्या सरांना फोन करून सांगा की डॉक्टरांनी लेखी हो म्हणेपर्यंत तिच्या हातात चेंडू द्यायचा नाही. तिला विचारून नाही, तुम्ही स्वतः.